संकेतस्थळ : उद्घाटनासाठी की नागरिकासाठी?

शासनाच्या एखाद्या विभागाचे संकेतस्थळ उघडून पाहावे. बहुतेक ठिकाणी वरच्या बाजूला मंत्रिमहोदयांचे छायाचित्र, त्याखाली एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे पळणारी अक्षरे, मध्यभागी कुठल्याशा समारंभातील दीपप्रज्वलन आणि अगदी तळाशी 'आजवर भेट देणाऱ्यांची संख्या' असा आकडा असतो. आढावा बैठकीत हा आकडा अभिमानाने वाचून दाखवला जातो. त्यांपैकी किती जणांचे काम झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. काम न झाल्यामुळे एकच माणूस दहा वेळा परत आला तरी आकडा दहानेच वाढतो. म्हणजे संकेतस्थळ जितके निरुपयोगी, तितकी त्याची लोकप्रियता अधिक, असा हा अजब हिशोब आहे.

प्रशासनात अनेक वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की सरकारी संकेतस्थळाची कसोटी एकच असू शकते : त्याने नागरिकाचे किती हेलपाटे वाचवले? रंगसंगती, चलतचित्रे, मिळालेले पुरस्कार हे सर्व त्यानंतर. ज्या संकेतस्थळावरून माहिती घेऊनही माणसाला पुन्हा त्याच कार्यालयात, त्याच टेबलासमोर उभे राहावे लागते, ते संकेतस्थळ म्हणजे कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली आणखी एक पाटी होय.

हा प्रश्न गावात राहणाऱ्यापेक्षा गावाबाहेर राहणाऱ्याला अधिक जाचतो. इंदूर, बडोदे, दिल्ली, बंगळूर येथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाचे काहीना काही मूळ गावी असतेच. वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा असतो, वारसाची नोंद राहिलेली असते, नगरपालिकेच्या जुन्या नोंदवहीत जन्माची तारीख असते. एका सहीसाठी त्याला दोन दिवसांची रजा आणि येण्या-जाण्याचे भाडे मोजावे लागते. शिवाय 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. या माणसाच्या नजरेतून पाहिले की संकेतस्थळाचा उपयोग आणि त्याची सजावट यांतला फरक लगेच कळतो.

उपयोग नेमका कशाने साधतो? सुदैवाने याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे आणि ते एका सरकारी खात्यानेच घालून दिले आहे. रेल्वेचे आरक्षण ऑगस्ट 2002 मध्ये आंतरजालावर आले. पण त्या यशाची सुरुवात 2002 मध्ये झालेली नाही. 1985-86 मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले, तेव्हा आंतरजाल सामान्य माणसाला ठाऊकही नव्हते. त्यापूर्वी ठरावीक गाडीचे आरक्षण ठरावीक खिडकीवर, ठरावीक वहीत होत असे. ती वही मोडून कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीची जागा मिळेल अशी व्यवस्था आधी उभी राहिली. मग 1999 पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांना जोडली गेली. म्हणजे घर आधी आतून आवरले गेले आणि मगच रस्त्याकडचे दार उघडले. सुरुवातीला तर तिकीट छापून कुरिअरने घरी येत असे. घरच्या घरी छापता येणारे ई-तिकीट 2005 मध्ये आले.

तत्काळ आरक्षणाच्या वेळी हे संकेतस्थळ रखडते म्हणून लोकांनी त्याला नावे ठेवली आहेत आणि ती रास्तही आहेत. तरीही ते परिणामकारक आहे, असे मी म्हणतो. कारण तेथे मिळते ती खरी जागा असते. डब्यातला तिकीट तपासनीस 'हे आंतरजालावरचे आहे, खिडकीवरून शिक्का मारून आणा' असे म्हणू शकत नाही. जे पडद्यावर दिसले ते खात्यावर बंधनकारक झाले. माझ्या दृष्टीने सगळे मर्म या एका गोष्टीत आहे.

आता याच्या उलट प्रकार पाहू. आपल्याकडे कितीतरी संकेतस्थळांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य असते : येथील माहिती केवळ माहितीसाठी आहे, ती कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याला ते किती विनोदी आहे याची कल्पना नसावी. शासनानेच ठेवलेली नोंद, शासनानेच प्रसिद्ध केली, आणि शासनच म्हणते की हिच्यावर विश्वास ठेवू नका!

महाराष्ट्रातील सातबाऱ्याचे बराच काळ असेच होते. उतारा पडद्यावर दिसे, पण तो दिसण्यापुरताच. बँकेला किंवा न्यायालयाला द्यायचा तर तलाठ्याची सही आवश्यक, आणि सहीसाठी गाव गाठणे आवश्यक. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा मिळू लागला, तेव्हा पंधरा रुपयांत बंगळुरात बसलेल्या माणसाचे काम बंगळुरातच होऊ लागले. उताऱ्यातील मजकूर तोच होता, रकाने तेच होते. बदल झाला तो एवढाच की त्या मजकुराची जबाबदारी कोणीतरी घेतली. संकेतस्थळाच्या नूतनीकरणावर खर्च करणाऱ्या सर्व विभागांनी हा धडा भिंतीवर लिहून ठेवावा.

कर्नाटकाने हे बरेच आधी ओळखले होते. तेथील 'भूमी' प्रकल्पात 2000 च्या सुमारास सुमारे दोन कोटी जमीन-उतारे संगणकावर घेतले गेले आणि तालुक्याच्या ठिकाणी पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. पण त्या प्रकल्पाचा कणा संगणक नव्हता. काम पूर्ण झालेल्या तालुक्यात हाताने लिहिलेला उतारा यापुढे ग्राह्य नाही, असा आदेश काढला गेला. आणि फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली काढावे लागतील अशी रचना केली गेली. अर्ज मागेपुढे सरकवण्याचा जो अधिकार कोणत्याही नियमात नसूनही सर्वत्र वापरला जात होता, त्यावर घाव बसला. संगणकीकरणाला आतून विरोध होतो तो यंत्राच्या भीतीने कमी आणि असे अधिकार जाण्याच्या भीतीने अधिक, हे ज्याने कार्यालय आतून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

येथे कायद्यातील एका गमतीकडेही लक्ष वेधले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 साली झाला. त्याने संगणकीय अभिलेखाला आणि संगणकीय स्वाक्षरीला कागदाइतकीच मान्यता दिली. मात्र त्याच कायद्याचे कलम 9 सांगते की शासनाच्या कोणत्याही खात्याने कागदपत्र संगणकीय स्वरूपात स्वीकारलेच पाहिजे, असा आग्रह धरण्याचा हक्क नागरिकाला या कायद्याने मिळत नाही. 2000 साली ही सावधगिरी समजण्यासारखी होती. सर्व खात्यांकडे संगणक नव्हते. परंतु पाव शतक उलटल्यावरही तीच पळवाट कायम का? एका हाताने 'डिजिटल इंडिया'चे फलक लावायचे आणि दुसऱ्या हाताने नागरिकाचा डिजिटल अर्ज नाकारण्याची मुभा स्वतःकडे ठेवायची, हे सचोटीचे लक्षण नव्हे.

दुसरा मुद्दा माहितीच्या ताजेपणाचा. माहितीचा अधिकार कायदा 2005 साली आला, तेव्हा सर्वांचे लक्ष अर्जांकडे गेले. पण त्या कायद्याचा खरा गाभा कलम 4 आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती 120 दिवसांत आपणहून प्रसिद्ध करायची होती : अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णय घेण्याची पद्धत, अंदाजपत्रक, अनुदान मिळालेल्यांची माहिती, सवलती आणि परवाने मिळालेल्यांचे तपशील इत्यादी. ती दरवर्षी अद्ययावत करायची होती. कलम 4(2) मध्ये तर आंतरजालाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि उद्देशही सांगितला आहे : लोकांना या कायद्याखाली अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी.

प्रत्यक्षात काय झाले? अनेक कार्यालयांनी एकदाच एक धारिका चढवली आणि कर्तव्यपूर्तीचा निःश्वास सोडला. आजही अशी पाने सापडतात, जेथे बदलून गेलेला, क्वचित निवृत्त झालेला अधिकारी 'जनमाहिती अधिकारी' म्हणून विराजमान आहे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक केव्हाच बंद पडलेला आहे. जुनी माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट. माहिती नसेल तर माणूस चौकशी तरी करतो. चुकीची असेल तर तिच्यावर विसंबून चुकीच्या गावी, चुकीच्या दिवशी, चुकीचा फॉर्म भरून पोहोचतो.

यावर उपाय ठाऊक नाही असेही नाही. केंद्र शासनाच्या संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, 2009 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. 2018 आणि 2023 मध्ये ती सुधारली. मजकुराची वेळोवेळी तपासणी व्हावी, प्रत्येक विभागाने एक 'वेब इन्फर्मेशन मॅनेजर' नेमावा, असे त्यांत आहे. पण हे पद बहुधा अशा अधिकाऱ्याच्या गळ्यात पडते, ज्याच्याकडे आधीच चार अतिरिक्त कार्यभार असतात आणि ज्याला इतर शाखांकडून वेळेवर मजकूर मागण्याचा अधिकार नसतो. जबाबदारी द्यायची, अधिकार द्यायचा नाही, ही आपली जुनी रीत येथेही चालू राहिली.

तिसरा मुद्दा भाषेचा आणि लिपीचा. मराठी वाचकांना हा अधिक जिव्हाळ्याचा वाटेल. 2000 च्या दशकात आपली बहुतेक शासकीय पाने अशा फॉन्टमध्ये होती, ज्यांत देवनागरी अक्षराचे केवळ चित्र रोमन अक्षराच्या क्रमांकावर बसवलेले असे. तो फॉन्ट ज्याच्या संगणकावर नाही त्याला पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. शोधयंत्राला तर त्यातला एकही मराठी शब्द सापडत नसे. हिंदी राज्यांत कृतिदेव, आपल्याकडे डीव्हीबी-सुरेख आणि शिवाजी, अशी प्रत्येकाची वेगळी संस्थाने होती. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. त्यात 'क'चा क्रमांक जगातल्या प्रत्येक संगणकावर 0915 हाच असतो, म्हणून एका ठिकाणी लिहिलेले दुसरीकडे वाचता येते, शोधता येते, क्रमाने लावता येते. विंडोज 2000 पासून ती सोय सामान्य संगणकावर आली. तिच्यातला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने घडवला होता. साधन हाताशी होते, घडवणारा आपला माणूस होता. तरी आपली कार्यालये कित्येक वर्षे जुन्या फॉन्टांना चिकटून राहिली.

आता युनिकोड आले आहे, पण जुनी खोड नव्या रूपाने परतली आहे. परिपत्रक संगणकावर युनिकोडमध्ये टंकलिखित होते, मग छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो आणि तो कागद वेडावाकडा स्कॅन करून चढवला जातो. म्हणजे शोधता येणाऱ्या मजकुराचे पुन्हा न शोधता येणारे चित्र! दृष्टिहीन व्यक्तीच्या संगणकाला ते वाचून दाखवता येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने, कलम 42 मध्ये, संगणकीय मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा ही जबाबदारी शासनावर टाकली आहे. आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. तरी स्कॅनचे यंत्र धडधडतेच आहे.

भाषेबाबत आणखी एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते. घटनेच्या अनुच्छेद 350 नुसार कोणत्याही व्यक्तीला संघराज्याच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे आपले गाऱ्हाणे, संघराज्यात किंवा त्या त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क आहे. कागदावर लिहिलेला मराठी तक्रार-अर्ज अधिकाऱ्याला भाषेच्या कारणाने फेकून देता येत नाही. मग तेच गाऱ्हाणे संकेतस्थळावर मांडताना केवळ इंग्रजी किंवा हिंदी रकाने समोर का यावेत? घटनेने दिलेला हक्क संगणकाच्या रकान्याने हिरावून घ्यावा, हे कोणत्या नियमात बसते?

चौथा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा : संकेतस्थळ हे एकमेव दार असता कामा नये. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटासाठी कोविड लसीकरण खुले झाले, तेव्हा त्यांना को-विन या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. हे संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. संगणकाचे तरबेज लोक स्वतः तयार केलेल्या प्रणालींच्या साहाय्याने क्षणार्धात जागा मिळवीत होते. शहरातले लोक पन्नास-साठ किलोमीटरवरच्या ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेत होते आणि त्या गावातला माणूस दारात उभा राहून पाहत होता. 24 मे रोजी शासकीय केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा देण्यात आली, सर्वोच्च न्यायालयाने 31 मेच्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले, आणि जूनमध्ये हिंदीसह भारतीय भाषा त्यावर आल्या. तंत्राच्या दृष्टीने को-विन ही मोठी कामगिरी होती, हे मी मान्य करतो. इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रमाणपत्रे देणे सोपे नव्हते. पण ज्या दिवसांत लस म्हणजे जीव वाचण्याची शक्यता होती, त्या दिवसांत इंग्रजी येणे आणि वेगवान जोडणी असणे या पात्रतेच्या अटी होऊन बसल्या. त्या कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेल्या नव्हत्या. संकेतस्थळाच्या रचनेनेच त्या लादल्या.

म्हणून संकेतस्थळाची रचना ही तांत्रिक बाब आहे, हे मला कदापि मान्य नाही. कोणता रकाना सक्तीचा, कोणती भाषा आधी, कोणत्या टप्प्यावर अर्ज फेटाळायचा, हे सर्व धोरणात्मक निर्णय आहेत. ते निविदा मिळालेल्या कंपनीच्या तरुण अभियंत्यावर सोपवून वरिष्ठांनी हात झटकणे, म्हणजे शासनाचा अधिकार चोरवाटेने दुसऱ्याला देणे होय. आयकर विभागाचे नवे संकेतस्थळ 7 जून 2021 रोजी सुरू झाल्यानंतर ज्या अडचणी आल्या, त्यांत चर्चा झाली ती मुख्यतः कंपनीची. विवरणपत्राची मुदत त्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. परंतु हे संकेतस्थळ जनतेसमोर ठेवण्यास योग्य आहे असे म्हणून स्वीकारणारी सही कोणाची, हा प्रश्न कितीजणांनी विचारला?

यावर माझे काही सहकारी म्हणतात, आपल्या लोकांना संगणक कोठे कळतो? संकेतस्थळ कितीही चांगले केले तरी ते कार्यालयातच येणार. हा युक्तिवाद मला पटत नाही. राजस्थानात 13 सप्टेंबर 2019 रोजी 'जन सूचना पोर्टल' सुरू झाले. शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, रोजगार हमीची कामे यांची माहिती ग्रामपंचायतनिहाय, कोणताही अर्ज न करता पाहता येईल, अशी त्याची रचना आहे. आणि ती ठरवताना गावोगावी काम करणाऱ्या माहिती-हक्क कार्यकर्त्यांना सोबत घेतले होते. स्वतःच्या गावच्या धान्याचा हिशोब पाहायचा असेल तर माणूस शिकलेल्या मुलाला हाताशी धरतो आणि पाहतो. लोकांना संगणक कळत नाही असे नाही. आपल्या कार्यालयाच्या शाखांप्रमाणे आखलेली संकेतस्थळे लोकांना कळत नाहीत, आणि ती त्यांना कळावीत तरी का? विधवा निवृत्तिवेतन कोणत्या शाखेच्या अखत्यारीत येते, हे त्या बाईने का शोधावे?

तेव्हा माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत.

1. प्रत्येक पानावर मजकुराची तारीख आणि त्यास जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असावे. वर्षभर न तपासलेले पान आपोआप 'तपासणी प्रलंबित' असे दाखवू लागावे.

2. भेट देणाऱ्यांचा आकडा काढून टाकावा. त्याजागी या महिन्यात किती अर्ज आले, किती निकाली निघाले, सर्वांत जुना प्रलंबित अर्ज किती दिवसांचा आहे, हे तीन आकडे असावेत.

3. 'केवळ माहितीसाठी' हे वाक्य बंद व्हावे. शासनाने प्रसिद्ध केलेली नोंद शासनावर बंधनकारक असावी. आणि त्यासाठी कलम 9 मध्ये दुरुस्ती व्हावी.

4. स्कॅन केलेल्या प्रतीसोबत युनिकोडमधील मूळ मजकूर सक्तीचा असावा.

5. दर सहा महिन्यांनी कार्यालयाबाहेरच्या दहा माणसांना बोलावून त्यांना प्रत्येकी एक काम संकेतस्थळावरून करण्यास सांगावे. विभागप्रमुखाने मागे बसून केवळ पाहावे, बोलू नये. दहापैकी किती जणांचे काम झाले, याची नोंद त्याच्या वार्षिक मूल्यमापन अहवालात व्हावी.

6. खिडकी बंद करू नये. ज्याला संकेतस्थळ वापरता येत नाही त्याचा अर्ज खिडकीवरील लिपिकाने त्याच प्रणालीत भरून द्यावा आणि त्याला तोच क्रमांक, तीच पोच मिळावी.

यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी नवा निधी, नवे पद किंवा नवी कंपनी लागत नाही. लागतो तो थोडा अधिकार सोडण्याचा निर्धार, आणि तोच आमच्या वर्गाकडे कमी पडतो, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

तोवर वाचकांनी एक काम जरूर करावे. आपण ज्या गावचे आहात, तेथील नगरपालिकेला किंवा तहसील कार्यालयाला माहितीच्या अधिकाराखाली एकच प्रश्न विचारावा : कलम 4 खालील आपली माहिती संकेतस्थळावर शेवटची केव्हा आणि कोणाच्या आदेशाने अद्ययावत केली? महाराष्ट्रात या अर्जाला दहा रुपये शुल्क आहे, आणि तो देशात कोठूनही करता येतो. उत्तर देण्यासाठी कोणाला तरी ते पान उघडून पाहावे लागेल. काही कार्यालयांत तसे ते पहिल्यांदाच उघडले जाईल.